कंबर माझी, ओळंबा त्याचा

आधीच सांगतो, मी स्वतः मेडिकलचं दुकान चालवतो. कंबरदुखीवर ट्यूबमधून, स्प्रेमधून, पट्टीतून आणि स्ट्रिपमधून जे काही मिळतं ते सगळं माझ्या काउंटरमागं मांडलेलं आहे, आणि गेल्या वर्षभरात त्यातलं बहुतेक मी स्वतःवर वापरून बघितलंय. कमरेचा पट्टासुद्धा. तो मी मलाच खरेदीच्या भावात दिला. त्यामुळे साताऱ्याच्या गोडोलीतल्या एका पोराला सायकल 'फिट' करण्यासाठी, म्हणजे सीट-हँडल माझ्या अंगाच्या मापाला जुळवून घेण्यासाठी, अडीच हजार रुपये मोजले हे कळल्यावर आमच्या घरात जे बोलणं झालं, ते इथं लिहीत नाही.

फिटिंग फेब्रुवारीत केलं, आता जून लागला. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर 'चमत्कार, चमत्कार' म्हणून मोकळा झालो असतो आणि तीन आठवड्यांनी माझं मलाच ते पुसावं लागलं असतं. म्हणून थांबलो.

सायकल कशी आली ते थोडक्यात. पुण्यात ओळखीच्या ओळखीतून एक सेकंडहँड रोडबाईक मिळाली. रंग झकास, किंमत निम्मी, फ्रेमचा साइज ५४. माझी उंची पाच फूट सहा इंच. विकणारा म्हणाला, "सीट खाली-वर होते की, साइजचं एवढं काय?" मला पटलं, कारण मला पटवून घ्यायचंच होतं.

मग रविवारचा ठरलेला रस्ता. पहाटे साडेपाचला शाहूपुरीतून निघायचं, समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट धरायचा, वर पेट्री, जमलं तर कास. घाटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर खाली सातारा उजळायला लागतो, समोर अजिंक्यतारा, हवा अशी की दुकानाचं शटर उघडूच नये असं वाटतं. आणि नेमकं तिथंच कमरेच्या उजव्या अंगाला, पँटच्या पट्ट्याच्या जरा वर, कुणीतरी तापलेलं उलथनं टेकवून ठेवल्यासारखं सुरू व्हायचं. पेट्रीपर्यंत ते डावीकडंही पसरायचं. उतरताना वाटावं की आता आराम, तर ब्रेक दाबून वाकून बसल्यानं जास्तच. घरी आल्यावर मोजे काढायला मुलाला हाक मारायची. तो बारावीचा आहे, त्याला अभ्यास सोडायला तेवढंच निमित्त.

आमच्या रविवारच्या टोळीत सात जण आहेत आणि सल्ले चौदा. एकानं सांगितलं सीट वर घे, पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे, तरच ताकद लागते. घेतली. दुसरा म्हणाला सीटचं नाक जरा वर उचल, म्हणजे पुढं घसरणार नाहीस. उचललं. तिसऱ्यानं जेलचं कव्हर आणून दिलं, ते मात्र मनापासून. त्यावर बसलं की दोन किलोमीटर गादीवर बसल्यासारखं आणि पुढं चिखलात बसल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट कबूल करतो, कारण ती करणारे अजून बरेच आहेत हे मला काउंटरवरून दिसतं. मी निघायच्या आधी डायक्लोफेनॅकची गोळी घ्यायचो. गिऱ्हाइकाला "उपाशीपोटी घेऊ नका हं" असं दिवसातून दहा वेळा बजावणारा मी, पहाटे नुसत्या चहावर. वर तीन तास घाम गाळायचा, पाणी कमी प्यायचं. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या किडनीवर किती भार टाकतात हे मला पाठ आहे. तरी घेत होतो. पोट बिघडलं तेव्हा सोडलं.

एका डॉक्टरांना दाखवलं, तर पहिल्याच भेटीत एमआरआय. त्यात एल४-एल५ला डिस्क बल्ज निघाला, म्हणजे कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली चकती बाहेर फुगलेली. रिपोर्ट पाच सेकंद उजेडाकडं धरून मला सांगण्यात आलं, "सायकल विकून टाका, पोहा." साताऱ्यात राहणाऱ्या, कासचा रस्ता दाराशी असलेल्या माणसाला. मी त्या दिवशी घरी चालत आलो.

आता गोडोलीकडं वळू.

हा पोरगा तिशीच्या आतला. आधी एमआयडीसीत मशीनवर होता, त्यामुळे मिलिमीटरशी खेळायची सवय हाताला आहे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड), एक स्टूल, भिंतीवर ओळीनं लावलेले एलन पाने, एक पाणसळ आणि खिळ्याला टांगलेला गवंड्याचा ओळंबा. कंपनीचा बोर्ड नाही, एसी नाही, लेझर तर नाहीच. बघताक्षणी मला अडीच हजार आठवले.

मी सायकल स्टँडवर चढवायला लागलो तर म्हणाला, "काका, सायकल नंतर. आधी तुम्ही बसा की."

वीस मिनिटं नुसते प्रश्न. नेमकं कुठं दुखतं, बोट ठेवून दाखवा. किती वेळानं सुरू होतं? कोरेगाव रोडला सपाटीवर गेलात तर दुखतं का, का फक्त घाटात? दुकानात किती तास उभे असता? आणि मग एकदम वेगळे प्रश्न: दुखण्यानं रात्री झोपेतून जाग येते का, गुडघ्याच्या खाली मुंग्या किंवा बधिरपणा उतरतो का, चालताना पाऊल लटकं पडतं का, बसायच्या जागेला बधिरपणा, लघवीला काही त्रास? मी सगळ्याला नाही म्हणालो. तेव्हा म्हणाला, "यातलं एक जरी हो असतं तर मी पान्याला हात लावला नसता. तुम्हाला आजच्या आज डॉक्टरकडं पाठवलं असतं." शेवटचे दोन प्रश्न तर मला ज्यांनी एमआरआय लिहून दिला त्यांनीही विचारले नव्हते. अडीच हजारांतले पाचशे तिथंच वसूल झाले असं मी मनात धरलं.

मग अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं केलं, दोन पायांच्या मध्ये एक जाडजूड वही वरपर्यंत दाबून धरायला सांगितली आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप. ७७ सेंटिमीटर. कॅल्क्युलेटरवर त्याला ०.८८३ नं गुणलं, आले ६८. पेडलचे दांडे जिथं फिरतात त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर असावं, असा हा हिशेब. तीन वेळा टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडमुळं तो प्रसिद्ध झाला. माझ्या सायकलचं मोजलं तर ७१.२. तीन सेंटिमीटरच्या वर फरक! "हा आकडा फक्त कुठनं सुरू करायचं ते सांगतो," म्हणाला, "खरं काय ते चालवताना दिसंल."

आणि दिसलं. घोट्याला, गुडघ्याला, मांडीच्या वरच्या हाडाला गोल स्टिकर लावले, शॉर्टवर मागून कमरेवर आडवी पांढरी चिकटपट्टी, आणि ट्रेनरवर पंधरा मिनिटं चालवायला लावलं. मोबाइलवर बाजूनं आणि मागून शूटिंग. मागचा व्हिडिओ हळू करून दाखवला तेव्हा मी हसू की रडू अशी गत. ती पांढरी पट्टी डावीकडं खाली, उजवीकडं खाली, डावीकडं खाली. लावणीला उभा राहिलोय जणू. सीट इतकी उंच होती की पेडल तळाला गेलं की पाय पुरायचा नाही, म्हणून प्रत्येक फेरीला त्या बाजूचं कुल्लं खाली ओढलं जायचं. मिनिटाला ६० फेऱ्या धरा, कासपर्यंत दोन तास धरा, म्हणजे सात हजारांहून जास्त वेळा मी माझी कंबर एकदा इकडं, एकदा तिकडं पिळत होतो. वर मलम लावत होतो.

तळाला गुडघा किती वाकतो ते स्टिकरवरून मोजलं तर १८ अंश. २५ ते ३५च्या दरम्यान हवा.

बाजूच्या व्हिडिओत दुसरं दुखणं सापडलं. नाक वर उचललेलं असल्यामुळे पुढं वाकायला गेलो की सीट मला मागं ढकलायची. माकडहाड मागं, आणि वाकायचं काम सगळं कमरेच्या मणक्यांनी करायचं. त्यात फ्रेम मोठी, आणि स्टेम, म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणारा पुढचा दांडा, ११० मिलिमीटरचा. हँडल गाठायला मी हात ताणून, पाठीची कमान करून बसलेला. मांजर भिंतीवरून उडी मारायच्या आधी बसतं ना, तसा.

दुरुस्त्या करताना त्यानं घाई केली नाही हे मला सर्वांत आवडलं. सीट पहिल्या दिवशी दीड सेंटिमीटरच उतरवली. "एकदम तीन उतरवलं तर गुडघे बोंबलतील काका. बाकीचं पुढच्या दोन आठवड्यांत, निम्मं निम्मं." शिवाय सीटची नळी तिरकी असते, त्यामुळे सीट खाली गेली की थोडी पुढंही येते, मग ती सीटखालच्या रुळावर मागं सरकवून परत तपासावी लागते. इथं तो ओळंबा कामाला आला. पेडलचे दांडे आडवे करायचे, गुडघ्याच्या वाटीच्या पुढून दोरी सोडायची आणि ती पेडलच्या आसाजवळ कुठं पडते बघायची. लहानपणी आमच्या घराचं बांधकाम चालू असताना गवंडीमामा एक डोळा झाकून बघायचे, अगदी तस्साच हा बघत होता. मी उगाच श्वास रोखून धरला. "श्वास घ्या, भिंत नाय तुम्ही," म्हणाला.

नाक आडव्यापेक्षा जरासंच खाली केलं, दोनेक अंश. ११०चा स्टेम काढून ८०चा टाकला. स्टेमच्या वर ठेवलेल्या दोन सेंटिमीटरच्या रिंगा काढून खाली घातल्या, हँडल तेवढंच उंच झालं. नालीदार पुठ्ठ्यावर बसवून बैठकीच्या हाडांमधलं अंतरही घेतलं, पण माझ्या सीटची रुंदी योग्य निघाली, तो खर्च वाचला. जेलचं कव्हर त्यानं दोन बोटांत धरून माझ्या पिशवीत ठेवलं. काही बोलला नाही.

शेवटी फ्रेमबद्दल विचारलं. "फ्रेम एक साइज मोठीच आहे. मी जे केलं ती तडजोड आहे. तुम्हाला ५१-५२ पाहिजे होती." हे तोंडावर सांगायला धारिष्ट लागतं, कारण पुढच्याच वाक्यात नवी सायकल विकायची संधी होती आणि त्यानं ती घेतली नाही.

गिअरचं मात्र ऐकायला मी आधी तयार नव्हतो. माझ्या मागच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचात, सगळ्यांत मोठं चक्र २५ दातांचं, पुढं सगळ्यांत लहान ३४चं. घाटात मी ताशी ९ किलोमीटरनं चढतो, खोटं कशाला बोला. त्या वेगाला या गिअरवर मिनिटाला ५२च फेऱ्या होतात. म्हणजे प्रत्येक पेडल विहिरीवरच्या मोटेसारखं ओढायचं, आणि ती ओढ कमरेवर येते. ३२ दातांचं चक्र टाकलं तर त्याच वेगाला ६७ फेऱ्या. टोळीत '३२ म्हणजे म्हाताऱ्यांचा गिअर' अशी चेष्टा चालते म्हणून मी टाळत होतो. शेवटी मार्चमध्ये टाकला. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा डिरेलरही लांब पिंजऱ्याचा लागला आणि सगळं मिळून फिटिंगच्या दुप्पट पैसे गेले. पण दोन्ही खर्चांतला एकच कुणी परत मागितला तर मी फिटिंगचा देईन, गिअरचा देणार नाही. घाटातलं ते तापलेलं उलथनं निम्मं त्यानंच विझवलं. चेष्टा करणाऱ्यांपैकी दोघांनी एप्रिलमध्ये गुपचूप तेच केलं.

पहिले दोन आठवडे स्वर्ग. गुडघ्याच्या वर थोडं भरून आल्यासारखं व्हायचं, बाकी काही नाही. मी टोळीत त्याची एवढी जाहिरात केली की त्याचा फोन लागेना.

तिसऱ्या आठवड्यात, सायकलवर नव्हे, दुकानात, वरच्या फळीवरून सलाइनचा खोका उतरवताना उसण भरली. तीच जागा. मी चिडून त्याला फोन केला (नवव्या प्रयत्नात लागला) आणि म्हटलं परत फिटिंग करू. तो नाही म्हणाला. "सायकलमुळं जे होतं ते मी काढलं. आता जे उरलंय ते तुमच्यात आहे. फिजिओकडं जा, मी पैसे घेणार नाही." त्या क्षणी राग आला. पण गिऱ्हाईक आपणहून पैसे घेऊन दारात उभं असताना परत पाठवणं किती अवघड असतं हे माझ्याइतकं कुणाला कळणार.

फिजिओ मॅडमनी झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून बघितला, वाकवलं, वळवलं आणि माझा एमआरआय बाजूला ठेवला. म्हणाल्या, काही दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय एकत्र करून २०१५ साली एक मोठा आढावा छापून आला होता, त्यात पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांना डिस्क बल्ज निघाला. केस पांढरे होतात तसं आतही होतं. मी सत्तेचाळीसचा. हे आधी कुणी सांगितलं असतं तर दोन महिन्यांची झोप वाचली असती.

त्यांनी दिलेले व्यायाम बघून मला आधी फसवल्यासारखं वाटलं, इतके साधे. कॅनडातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन: उताणं झोपून डोकं-खांदे जेमतेम उचलणं, कुशीवर कोपरावर अंग तोलून धरणं, आणि रांगत्या बाळासारखं होऊन विरुद्ध हात-पाय लांब करणं. शिवाय कुल्ल्यांसाठी पूल (उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं), आणि मांडीच्या पुढच्या बाजूचा ताण, कारण दिवसभर काउंटरच्या स्टुलावर बसून ती आखडलेली. कुशीवरच्या प्रकारात मी पहिल्या दिवशी सात सेकंद टिकलो. बायको शेजारी चटईवर बसून मोजत होती, ती म्हणाली, "अहो, मी अजून आठ म्हटलंच नाही." आता तीसपर्यंत जातो. रोज बारा मिनिटं, दुकान उघडायच्या आधी. चुकलं की चौथ्या दिवशी कंबर आठवण करून देतेच.

एप्रिलच्या शेवटी कासला जाऊन आलो. जाता-येता पन्नास किलोमीटरच्या आसपास. पेट्रीला उतरलो नाही. तलावापाशी पाठ भरून आल्यासारखी वाटली, उतरून दहा मिनिटं चाललो, गेली. उतारावर मान दुखली, पण तो नवा विषय आहे. घरी आल्यावर मोजे मी काढले. मुलगा हिरमुसला.

आता तक्रारी, कारण सगळंच गोड लिहिलं तर कुणी खरं मानणार नाही.

फोन उचलत नाही. तीन आठवडे वाट बघायला लागली आणि ठरलेल्या दिवशी पाऊण तास उशीर, वर "चहा घेणार का" असं विचारून चहा आणायला तोच गेला. मधेच लाइट गेली, पंखा बंद, फेब्रुवारीतसुद्धा दुपारी पत्रा तापतो, मी ट्रेनरवर निथळतोय. कपडे बदलायला जागा नाही. शॉर्ट घालूनच जा. पावती मागितली तर वहीचा कागद. आणि सगळ्यांत खटकलेलं: मापांचा तक्ता व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला, तो चार महिन्यांत आलेला नाही. सीटची उंची, नाकाचा कोन, सीट ते हँडल अंतर, हे सगळं त्याच्या डोक्यात नाहीतर त्या शेडमधल्या कुठल्यातरी वहीत. अडीच हजारांत एवढा कागद मिळायला हवा. मी शेवटी बायकोच्या लाल नेलपेंटनं सीटखालच्या दांड्यावर खूण केली. तुम्ही जाल तेव्हा तिथंच, त्याच्या समोर, स्वतःच्या वहीत उतरवून घ्या. चालवायचे बूट न्या, रोज वापरता तेच. पोटभर जेवून जाऊ नका.

पुण्या-मुंबईत कॅमेऱ्यांचं, संगणकावरचं फिटिंग मिळतं, तिथं तक्ताही मिळत असेल. मला साताऱ्यात, घरापासून दहा मिनिटांवर, गरज पडली तर पुन्हा दार वाजवता येईल असा माणूस हवा होता. नाव आणि नंबर इथं टाकू नका असं त्यानंच बजावलंय, आधीच ऐकू येत नाही एवढी गर्दी आहे म्हणे. गोडोली तळ्याच्या बाजूला कुणाही सायकलवाल्याला 'ओळंबावाला' म्हणून विचारा.

आणि हो, ५४ साइजची रोडबाईक विकायची आहे. रंग झकास, कॅसेट ३२ची नवी, जुना ११०चा स्टेम सोबत देतो. उंची पाच आठ ते पाच दहा असेल तरच या. वही आणि टेप दुकानात ठेवली आहे, माप घेतल्याशिवाय देणार नाही.